आकारामच्या पेटीतला गंधार

मागच्या चाकाची हवा गेली होती म्हणून दस्तगीर सायकल हातात धरून चालला होता. भर दुपार. सायकलवर असता तर गंगावेशीतलं ते कॅसेटचं दुकान त्यानं चार पायडलांत मागं टाकलं असतं आणि तिथला गोंगाट नेहमीप्रमाणे कानाच्या पाळीवरूनच परत पाठवला असता. पण पंक्चर झालेली सायकल माणसाला रस्त्यावरचं सगळं ऐकायला लावते. दुकानाच्या दारात पुरुषभर उंचीचे दोन स्पीकर उभे केले होते आणि त्यांतून 'वणवा' ह्या गाणाऱ्या पोरांच्या पार्टीचं गाणं चाललं होतं. त्या वर्षी, म्हणजे त्र्याऐंशी साली, कोल्हापुरात दुसरं काही वाजतच नव्हतं. न्हाव्याकडं वणवा, रिक्षात वणवा, बारशाला वणवा. गिटारींचा खणखणाट, ड्रमचा दणका, आणि मग एकदम सगळी वाद्यं हळू होऊन एकट्या गळ्यानं म्हटलेला एकच शब्द: 'परत'. त्यातल्या 'र'वर गळा थांबला, रेंगाळला, आणि दस्तगीर भर रस्त्यात उभा राहिला. गंधार होता तो. शुद्ध गंधार, पण केसभर उतरलेला. कोमल नव्हे, नुसता उतरलेला. दस्तगीरला गाणं ओळखू आलं नाही, गळा ओळखू आला नाही. पण तो एक सूर त्यानं ओळखला, आपलंच अक्षर परक्याच्या वहीत दिसावं तसा. "ओ पावणं, रस्त्यात काय हुबं ऱ्हायलाय? घर न्हाय व्हय?" मागचा हातगाडीवाला ओरडला. दस्तगीर बाजूला झाला. सायकल भिंतीला टेकवून तो ते गाणं संपेपर्यंत तिथंच उभा राहिला, आणि संपल्यावर आपले डोळे ओले आहेत हे कळल्यावर त्याला मनस्वी राग आला.

राग येण्यासारखंच होतं. दस्तगीर पेट्या लावायचा, म्हणजे हार्मोनियम दुरुस्त करून त्यांचे सूर जुळवून द्यायचा. त्याचा बाप हेच करायचा. ह्या धंद्यात पेटीच्या पोटातल्या पितळी पट्टीलाच सूर म्हणतात. तो चिमट्यात धरता येतो, घासता येतो, मोडतो, कचऱ्यात जातो. कानशीनं टोकाला घासला की चढतो, बुडाला घासला की उतरतो. बाहेरच्या लोकांना सूर म्हणजे काहीतरी हवेत तरंगणारं वाटतं, दस्तगीरला तो बोटाला टोचलेला असायचा. पण घासायचं किती, हे बोटाला कळत नाही, ते कानालाच कळतं, आणि अख्ख्या शहरात त्या कानाचा दबदबा होता. गवयी, कीर्तनकार, शाळेतले गाण्याचे मास्तर, कुणाचा वाद लागला की शेवटी म्हणायचे, "चला, दस्तगीरला इचारू." तोही कान जिवापाड जपायचा. गणपतीच्या मिरवणुकीत कापसाचे बोळे घालून बसायचा, सर्दी झाली की दुकान बंद ठेवायचा. मेहमुदा, त्याची बायको, म्हणायची की ह्या माणसानं मला जपलं नाही एवढं कानाला जपलं. आणि तो कान आज भर रस्त्यात एका उतरलेल्या सुरावर भाळला होता. चुकलेला सूर ऐकून दस्तगीरच्या जबड्यात कळ यायची, दाढेखाली खडा आल्यासारखी. आज कळ आली नव्हती. भलतंच काहीतरी आलं होतं, त्याला नावही नव्हतं.

वणवा ही शिरोली एमआयडीसीतल्या पोरांची गाण्याची पार्टी. चौघंही तिथल्या एका फाउंड्रीत कामाला, ओतकामाच्या आगीपुढं उभं राहणारे, म्हणून नाव वणवा. दोन गिटारी, एक ड्रम, आणि गायला सयाजी. संध्याकाळी पाळी सुटली की शेडमागं तालीम करायचे. कॉलेजच्या गॅदरिंगपासून सुरू झालं आणि दोन वर्षांत बिद्रीच्या साखर कारखान्यावर त्यांचा कार्यक्रम असला की ट्रॅक्टर भरभरून माणसं यायला लागली. आता लोकांना एखादी गोष्ट इतकी आवडली की ज्यांचा तो धंदा असतो त्यांच्यात दुफळी माजते, हे ठरलेलंच. दस्तगीरच्या दुकानापुढं एक लाकडी बाक होता, त्यावर शहरातले वाजवणारे-गाणारे येऊन टेकायचे, आणि वर्षभर त्या बाकावर दुसरा विषय नव्हता. जोतीराम मास्तर, जे शाळेत गाणं शिकवायचे आणि संगीत मंडळाचे चिटणीस होते, ते म्हणायचे, "ही पोरं नुसती बोंब मारत्यात. दणका काढून घ्या आणि मग गळा ऐका. गंधार उतरलाय. रोज, त्याच जागी, तेवढाच. बेसूर म्हंजे बेसूर, त्याला पाच हजार माणसांनी टाळ्या वाजवल्या म्हणून काय तो सुरात येत न्हाय." आणि चमन, जो लग्नाच्या बँडमध्ये तीस वर्षं क्लॅरनेट वाजवत होता, तो लगेच अंगावर यायचा. "मास्तर, तुमच्या गाण्याला मांडव हलत न्हाय, माणसं हलत्यात, घराकडं! आन् ह्यो गडी त्या एका सुरावर आला की पाच हजार माणूस गपगार हुतंय. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. लग्नात वाजवून वाजवून माझं ओठ फाटलं, माझ्यापुढं कवा कोण गप ऱ्हायलं न्हाय." ह्या शेवटच्या वाक्याला त्याचा आवाज जरा कापायचा. मास्तरांना त्या पार्टीचा मत्सर वाटतो असं चमन म्हणायचा, चमन लाचार झालाय असं मास्तर म्हणायचे, आणि दोघंही थोडे थोडे खरे होते. पंचवीस वर्षांची त्यांची दोस्ती, पण आताशा एक बाकाच्या ह्या टोकाला बसायचा, दुसरा त्या. दस्तगीर ह्यात पडत नव्हता. त्यानं वणवा नीट ऐकलाच नव्हता. कान खराब होतील, म्हणायचा.

त्या दुपारी तो पंक्चर काढायचं विसरून तसाच घरी गेला. जेवायला बसला आणि घास हातातच राहिला. आत मेहमुदा भांडी लावता लावता काहीतरी गुणगुणत होती. तेच गाणं. तिला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही असं तो पस्तीस वर्षं समजत आला होता, पण 'परत'च्या 'र'वर ती बरोबर तेवढीच, केसभर खाली थांबली. दस्तगीरनं ताट सरकवलं. "वो सुर ऐसा क्यूं लेती तू?" त्यानं विचारलं. ती दारात आली, ओले हात पदराला पुसत म्हणाली, "कैसा लिया?" मग जरा विचार करून म्हणाली, "वैसाच हय जी वो. घरतक आता, अंदर नई आता. म्हणून तर रोना आता." बायको दोन भाषांत बोलायला लागली की ती खरं बोलते, हा त्याचा अनुभव होता. त्यानं हात धुतले आणि काही न बोलता माळ्यावरची स्वतःची पेटी काढली. काळ्या पट्ट्यांतल्या पहिलीवर, काळी एकवर, सा धरला, आणि पांढऱ्यांतली चौथी, पांढरी चार, म्हणजे गंधार, दाबला. लख्ख. भरलेला. त्यात कुठं नख लावायला जागा नव्हती. त्यानं तो पुन्हा पुन्हा दाबला आणि दर वेळी तो जास्त जास्त कोरडा वाटू लागला. आयुष्यभर आपण हजारो पेट्यांत हा असाच गंधार बसवला, आणि एकालाही रडू आलं नाही. मग जो एक चुकवला, त्याचंच हे असं कसं?

कारण चुकवला होता. आता ते स्वतःपासून लपवण्यात अर्थ नव्हता. आठ वर्षं झाली असतील. कबनूरहून आकाराम नावाचा एक माणूस पेटी घेऊन आला होता. इचलकरंजीच्या बाजूचे लोक यायचेच. पण हा यंत्रमागावर काम करणारा, भजनी मंडळात पेटी वाजवणारा, अंगावर सुताचे कण तसेच. पेटीही तसलीच, एकसुरी, म्हणजे बोटानं दाबायच्या एका पट्टीला आत एकच सूर असलेली, गरिबाची. चांगल्या पेटीत दोन दोन सूर असतात, एक चुकला की दोघांचं भांडण लागतं आणि चूक उघडी पडते. एकसुरी पेटीत भांडायला दुसरं कोणी नसतंच. दस्तगीरनं सगळे सूर लावत आणले, आणि पांढरी चारला बुडाशी घासताना एक हात जास्त गेला. एकच. सूर खाली आला. आता टोकाला घासून तो चढवायचा, पण पट्टी जुनी, झिजलेली. घासली तर मोडणार हे दिसत होतं. नवी पट्टी मिरजेहून आणायची म्हणजे आठ दिवस. आणि आकाराम समोर बसलेला. त्याच्याशी बोलताना ओरडावं लागत होतं. मागाच्या खडखडाटात वीस वर्षं काढलेला माणूस, त्याचे कान काय राहिले असणार? दस्तगीरला तो क्षण आता स्वच्छ आठवला. त्यानं पेटीकडं पाहिलं नव्हतं, आकारामच्या कानांकडं पाहिलं होतं. आणि मनात म्हणाला होता, चालतंय की. मराठीत ह्याला कानाडोळा म्हणतात. इथं तर तो अगदी अक्षरशः होता, डोळ्यांनी दुसऱ्याचे कान मोजून केलेला. आकारामनं पेटी पुढ्यात ओढून एकदा सगळे सूर दाबून पाहिले. "झाली व्हय?" त्यानं विचारलं. "झाली," दस्तगीर ओरडून म्हणाला. आकारामनं पेटीला नमस्कार केला, मग दस्तगीरला केला, आणि पेटी खांद्यावर टाकून गेला. नंतर कधी आला नाही. त्या एका पेटीखेरीज दुकानातून खोटा सूर बाहेर गेला नव्हता, निदान दस्तगीरला माहीत असलेला तरी.

सयाजी कबनूरचा, आकारामचा मुलगा, हे त्याला चमनकडून सहज विचारल्यासारखं विचारून कळलं. मग सगळं जागच्या जागी बसलं. पोरानं घरच्या पेटीवर गळा घासला, पेटीनं त्याला जो गंधार दिला तो त्यानं आपला मानला, आणि पुढं गिटारवाल्यांनी आपल्या तारा बरोबर लावल्या तरी त्याचा गळा त्या एका जागी ठरल्यासारखा खाली उतरत राहिला. मास्तर म्हणत होते ते खरं होतं, तो बेसूर होता. चमन म्हणत होता तेही खरं होतं, त्याच सुरावर माणसं गप्प होत होती. आणि दोघं ज्याच्यावरून भांडत होते ती गोष्ट दस्तगीरच्या कानशीखाली, एका आळशी क्षणात तयार झाली होती. हे कळल्यापासून त्याला धड झोप लागेना. सांगावं तर पस्तीस वर्षांचं नाव जातं. एक पेटी खोटी दिली म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी शहरातला प्रत्येक जण आपली पेटी उघडून बघणार. न सांगावं तर एक कष्टाळू पोरगा दुसऱ्याच्या चुकीबद्दल शिव्या खातोय आणि आपण बाकावर बसून चहा पितोय. पण ह्या दोन्हींच्या खाली आणखी एक गोष्ट होती, आणि तिची त्याला जास्त लाज वाटायची. कॅसेटच्या दुकानापुढून जाताना तो आता मुद्दाम सायकल हळू करायचा. गाणं त्या शब्दापाशी आलं की मनाच्या कोपऱ्यातून एक आवाज यायचा: हा सूर माझा आहे. पाच हजार माणसं माझ्या सुरावर गप्प होतात. चूक कबूल करण्यातसुद्धा एक मालकी असते, हे त्याला अशा वेळी कळायचं आणि तो जोरात पायडल मारायचा. कधी वाटायचं, मास्तर मत्सर करतात, चमन हळहळतो, आणि आपण? आपण चोरी पकडली जाऊ नये म्हणून गप्प आहोत आणि जमलं तर तिचं बक्षीसही घ्यावं असं मनात आहे. ताकाला जाऊन भांडं लपवणारे लोक त्यानं पुष्कळ पाहिले होते. आपण तर भांडंही लपवतोय आणि ताकही मागत नाही, नुसते दारात घुटमळतोय.

सप्टेंबर संपता संपता गोष्ट त्याच्यापर्यंत आलीच. संगीत मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होता. मंडळातल्या तरुणांनी हट्ट धरला की वणवाला बोलवा, जुन्यांनी हट्ट धरला की त्या व्यासपीठावर बेसूर गळा चढणार नाही. खडाजंगी झाली, राजीनाम्याच्या गोष्टी झाल्या, आणि शेवटी मास्तरांनीच तोडगा काढला: दस्तगीरनं ऐकायचं आणि सांगायचं. गळा सुरात आहे असं त्यानं म्हटलं तर मास्तर स्वतः हार घालतील. बेसूर आहे म्हटलं तर ह्यापुढं विषय बंद. दोन्ही बाजूंना हे पटलं, कारण दोन्ही बाजूंना दस्तगीर आपल्याच बाजूनं बोलेल अशी खात्री होती. त्यानं सर्दीचं निमित्त सांगून आठवडा ढकलला. दुसरा आठवडा मोहल्ल्यातल्या लग्नात ढकलला. तिसऱ्या शुक्रवारी दुपारची नमाज पढून तो दुकानात आला तर बाकाच्या एका टोकाला मास्तर, दुसऱ्या टोकाला चमन, आणि मधे मांडीवर पेटी घेतलेला एक पंचविशीचा काळासावळा तरुण. हातांवर ठिणग्यांचे पांढरे डाग. दस्तगीरनं माणसाच्या आधी पेटी ओळखली.

"चाचा, मी सयाजी," तो उठून उभा राहिला. जोरात बोलत होता, फाउंड्रीत काम करणारे सगळेच बोलतात तसा. "ह्येंनी दोघांनी बोलावलं म्हणून आलोय. पर मी गाऊन दाखवायला आलो न्हाय. ही पेटी दाखवायला आणलीया. लोक म्हणत्यात मी बेसूर हाय. मी ह्याच पेटीवर शिकलो. आन् ही पेटी तुमी लावल्याली हाय. तुमी लावल्यावर कुणी हात लावलेला न्हाय तिला. मग मी बेसूर कसा?"  चमन खूश होऊन मांडीवर थाप मारत म्हणाला, "बघ की! आता सांग म्हणावं मास्तरला!" सयाजीनं पेटी दस्तगीरपुढं ठेवली. दस्तगीरनं ती उघडली नाही. तिच्या झाकणावर हात ठेवून तो बसला, आणि त्याच्या मनात आलं की अजूनही सुटता येईल. 'पेटी बरोबर आहे' एवढं म्हणायचं. मास्तर हार घालतील, पोरगा व्यासपीठावर चढेल, तो सूर तसाच राहील, आणि आपणही राहू. एवढं सोपं होतं. पण सयाजी त्याच्याकडं ज्या भरवशानं बघत होता त्या भरवशापुढं त्याची जीभ उचलेना. आठ वर्षांपूर्वी त्यानं असंच एका माणसाला 'झाली' म्हटलं होतं. तोच शब्द त्याच्या मुलाला दुसऱ्यांदा ऐकवायचा, म्हणजे पहिल्या वेळची चूक नुसती चूक उरली नसती, लबाडी झाली असती.

"पेटी चुकलीय," दस्तगीर म्हणाला. "पांढरी चार उतरलीय. माझ्या हातनं उतरली. मला ठाऊक हुतं. ठाऊक असून मी ती दिली."

 मग चमन हसायला लागला. "वा रे वा! म्हंजे वणव्याचा उस्ताद तू व्हय? पोरगं गाजल्यावर आता सगळ्यांनाच आठवायला लागलंय, कुणी काय शिकवलं त्ये!" ते बोलणं दस्तगीरला लागलं, कारण ते खोटं नव्हतं. मास्तर मात्र चिडलेच. वर्षभर ज्या चुकीसाठी ते एका गळ्याशी भांडले ती एका पितळी पट्टीची निघावी, हे त्यांना सोसण्यासारखं नव्हतं. "पेटी चुकली असंल तर असू दे," ते म्हणाले, "पर गाणाऱ्याला स्वतःचा कान पाहिजे का नको? चुकीची पेटी वाजली तर सांगाय नको, की ही चुकतीया? कान असलेला माणूस पहिल्या दिवशी वळखंल."

सयाजी ह्या दोघांपैकी कुणाकडंच बघत नव्हता. तो दस्तगीरकडंही बघत नव्हता. पेटीच्या बाजूच्या लाकडावर कुणीतरी कधीतरी चाकूनं कोरलेलं ॐ होतं, त्यावरून तो बोट फिरवत राहिला. "वळखला हुता की," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला. "आबानं वळखला हुता. पेटी आणली त्याच राती भजनाला बसला आन् मधीच थांबला. म्हणला, ह्यो सूर खाली वाटतुया. मंडळी म्हणली, आवो दस्तगीरनं लावलीया, ती खाली कशी असंल? आबालाबी पटलं. दस्तगीरचा कान म्हंजे कान. मग पेटी बरोबर हाय, तर चुकतुया कोण? आपुनच की."  त्याचं बोट ॐवरून परत एकदा फिरलं. "मग त्येनं गळा खाली आणायचं चालू केलं. रोज. कामावरनं आला की पेटी घ्यायची, पांढरी चार दाबायची, आन् गळा तिथवर खाली आणायचा. त्येला जमायचं न्हाय. गळा वरच जायाचा. मी शेजारी बसून ऐकायचो. ऐकून ऐकून माझा गळा गेला तिथं, त्येचा काय गेला न्हाय. पावसाळा संपता संपता त्येनं मंडळाला सांगून टाकलं, मागानं माझं कान खाल्लं, मला आता सूर कळत न्हाय, दुसरा गडी बघा. पेटी मला दिली. मग परत गायलाच न्हाय. पाच वर्षं जगला, पर देवळात भजन असलं की आमच्या घराचं दार लावून घ्यायचा."

दस्तगीरनं ऐकलं. जन्मभर जपलेल्या कानांनी ऐकलं. ज्या माणसाला बहिरा समजून त्यानं सूर खपवला होता, त्या माणसाला तो पहिल्याच रात्री कळला होता. कबनूरच्या खडखडाटात वीस वर्षं काढूनही केसभर फरक ओळखणारा कान. असा कान ह्या बाकावर तरी कुणाचा होता? आणि तो दस्तगीरच्या नावानं मारला होता. पट्टीनं नव्हे, कानशीनं नव्हे. नावानं. त्याला आकारामचा नमस्कार आठवला नाही, काही आठवलं नाही. त्यानं पेटीच्या झाकणावरचा हात काढून घेतला. मास्तर खाली मान घालून बसले होते. चमननं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. वणवाला व्यासपीठ द्यायचं की नाही हा प्रश्न अजून तिथंच कुठंतरी बाकावर पडला असणार, पण त्याला हात लावायला कुणी पुढं झालं नाही.

"म्हंजे चाचा," सयाजी म्हणाला. त्याचा आवाज आता लहान मुलासारखा झाला होता आणि त्याला त्याची शरम वाटत नव्हती. "आबाचं कान गेलं नव्हतं?"

 दस्तगीरनं आधी नकारार्थी मान हलवली. पण एवढ्यावर भागणार नाही हे त्याचं त्यालाच कळलं. तो उठून सयाजीपुढं उभा राहिला, आणि आठ वर्षांपूर्वी एका माणसाला ऐकू यावं म्हणून जसा ओरडला होता तसा नव्हे, साध्या आवाजात म्हणाला, "न्हाय बाबा. तुझ्या बापाचं कान शाबूत हुतं. त्येचाच गंधार बरोबर हुता."